प्रमाण, फल, इच्छा : आपल्या त्रैराशिकाची गोष्ट



मागच्या महिन्यात नातीची घटक चाचणी होती. ती इथे सांगलीतच सातवीला आहे. बालभारतीच्या सातवीच्या गणितात ‘समप्रमाण व व्यस्तप्रमाण’ असा एक धडा आहे. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकून आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पहिलं उदाहरण वह्यांचं होतं. ४ वह्यांना ६० रुपये, तर ७ वह्यांना किती? तिने पटकन १०५ लिहिलं. दुसरं उदाहरण मजुरांचं होतं. ८ मजूर एक काम ६ दिवसांत करतात, तर १२ मजूर किती दिवसांत करतील? तिने लिहिलं, ९ दिवस.

मी म्हटलं, “अगं, माणसं वाढली की दिवसही वाढतात होय?”

तिने वही माझ्यापुढे सरकवली. “आज्जी, तिरकस गुणाकार बरोबर आहे. तूच तपासून बघ.”

तपासला. बारा सक बहात्तर, भागिले आठ, नऊ. गुणाकारात काही चूक नव्हती, भागाकारातही नव्हती. उत्तर मात्र अडाण्यालाही पटणार नाही असं होतं. खरं उत्तर ४ दिवस. मी तिला हसले, आणि मग माझं मलाच हसू आलं. कारण बी.कॉम.ची पदवी हातात असताना मी एकदा याहून मोठी चूक केली आहे. त्या चुकीपायी अख्ख्या शिबिरातल्या बायका उपाशी झोपल्या होत्या. ते पुढे सांगते. आधी या गणिताच्या घराण्याची थोडी ओळख करून देते, कारण ते घराणं आपल्या फार जवळचं आहे आणि आपल्यातल्या बहुतेकींना ते ठाऊक नाही.

आमच्या लहानपणी ‘तिरकस गुणाकार’ हा शब्द नव्हता. त्रैराशिक होतं. माझे वडील दुकानात बसत. गिऱ्हाईक पुढ्यात उभं असताना ते ओठांतल्या ओठांत त्रैराशिक मांडत. तीन राशी माहीत, चौथी काढायची, म्हणून त्रैराशिक. या तीन राशींना आपल्या जुन्या शास्त्रात नावं आहेत. जी वस्तू जेवढी माहीत आहे ते ‘प्रमाण’, तिचा जो मोबदला माहीत आहे ते ‘फल’, आणि आपल्याला जेवढी हवी आहे ती ‘इच्छा’. वह्यांच्या उदाहरणात ४ वह्या हे प्रमाण, ६० रुपये हे फल आणि ७ वह्या ही इच्छा. इच्छेला फलाने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं, की ‘इच्छाफल’ येतं.

हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ‘इच्छा’ या शब्दाशी अडकून बसले. आपल्या पाच अणुव्रतांतलं शेवटचं परिग्रहपरिमाण. त्याचंच दुसरं नाव इच्छापरिमाण. एकीकडे गणित इच्छा मांड म्हणतं, दुसरीकडे व्रत तिला माप घाल म्हणतं. कुणी विद्वान याला योगायोग म्हणतील. मला मात्र त्या दिवसापासून दुकानातलं त्रैराशिक आणि देवळातलं व्रत एकाच घरातली वाटू लागली.

ही नावं फार जुनी आहेत. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलेल्या आर्यभटीयात त्रैराशिकाचा नियम याच शब्दांत आहे. म्हणजे हे गणित काही फक्त आपल्या लोकांनी शोधलं असं नाही, आणि तसा दावा करूही नये. आपल्या काही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी एक शोध ‘जैनांनीच लावला’ म्हणून येतो. त्यातल्या निम्म्यांना काही आधार नसतो, आणि त्यामुळे ज्यांना खरा आधार आहे तेही लोक हसण्यावारी नेतात. त्रैराशिकाला आपल्या आचार्यांनी हात लावला, त्याची छान मांडणी केली आणि ते शिकवलं, एवढं निश्चित खरं आहे. तेवढंही पुष्कळ झालं.

त्यातलं सर्वांत मोठं नाव महावीराचार्य. भगवान महावीर नव्हेत, त्यांच्यानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी झालेले गणिती. इ.स. ८५० च्या सुमारास त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याचा तो काळ. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आपला सातारा-सांगलीचा मुलूखही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच अंमलाखाली होता. म्हणजे महावीराचार्य आपल्यासाठी कुणी दूरचे नव्हेत. ज्या राजाला आपल्या इथले शेतकरी सारा भरत, त्याच राजाची स्तुती त्यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीला आहे, आणि तिच्याही आधी भगवान महावीरांना वंदन आहे. अमोघवर्षावर आदिपुराणकर्त्या जिनसेनाचार्यांचा प्रभाव होता हे आपण पाठशाळेत शिकलोच आहोत.

या ग्रंथाचं वेगळेपण असं की तो नुसत्या गणिताचा आहे. त्या आधीचे आर्यभट, ब्रह्मगुप्त यांचे ग्रंथ खगोलाचे, आणि गणित त्यातलं एखाद-दुसरं प्रकरण. महावीराचार्यांनी गणिताला स्वतंत्र घर बांधून दिलं आणि त्या घरात त्रैराशिकाला स्वतंत्र खोली दिली. त्यांच्या एका पूर्ण प्रकरणाचं नावच ‘त्रैराशिक व्यवहार’ आहे. साधं त्रैराशिक, उलट चालणारं व्यस्त त्रैराशिक, मग पाच राशींचं पंचराशिक, सात राशींचं सप्तराशिक, नऊ राशींचं नवराशिक, अशी ती चढण आहे. पुढच्या ‘मिश्रक’ प्रकरणात व्याज येतं आणि ‘प्रक्षेपक’ येतं, म्हणजे ज्याने जेवढं भांडवल घातलं त्याला तेवढ्या हिश्श्याने नफा. आम्हाला कॉमर्सला हेच ‘पार्टनरशिप’ म्हणून शिकवलं. अकराशे वर्षांपूर्वी ते आपल्या एका आचार्यांनी लिहिलंय हे वर्गात कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही ठाऊक नसेल.

ठाऊक नसण्याचं कारणही आहे. हा ग्रंथ कित्येक शतकं दक्षिणेतल्या हस्तलिखितांत पडून होता. मद्रासचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी तो संपादित करून इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये छापला. अमेरिकेतले गणिताचे इतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आपल्याकडे तो आला १९६३ मध्ये. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. मी वाचला तो हाच हिंदी अनुवाद.

आता माझ्या माहेरच्या जिल्ह्याची गोष्ट. फलटण आपल्या समाजाचं केवढं मोठं ठिकाण आहे हे मी वेगळं सांगायला नको. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवला वगैरे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले, ते फलटणला आहेत. लहानपणी आम्ही त्या ताम्रपत्रांना लांबून नमस्कार करायचो. त्यात कर्मसिद्धांत आहे, मोठं अवघड काहीतरी आहे, एवढंच कळायचं. त्यात त्रैराशिक आहे हे मला साठीनंतर कळलं! वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीला षट्खंडागमावर धवला टीका लिहिली. कोणत्या गुणस्थानात किती जीव, कोणत्या गतीत किती, याचा विचार करताना त्यांना अफाट मोठ्या संख्या हाताळाव्या लागल्या, आणि तिथे ते सरळ प्रमाण, फल, इच्छा मांडतात. अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ पासून धवला छापायला सुरुवात केली. त्यातल्या गणितावर लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनी लेख लिहिला, त्यात त्यांनी या त्रैराशिकाची नोंद केली आहे.

म्हणजे बघा. वाण्याच्या दुकानात हळदीचा भाव काढण्याचं जे साधन, तेच आचार्यांनी जीवराशी मोजायला वापरलं. आम्ही ताम्रपत्रापुढे हात जोडून घरी यायचो, आणि घरी वडील तेच त्रैराशिक तूरडाळीवर चालवत असायचे.

छायेचंही असंच. महावीराचार्यांचं शेवटचं प्रकरण ‘छाया व्यवहार’, सावलीवरून उंची आणि वेळ काढण्याचं. आपल्या श्वेतांबर भगिनी पोरसीचं पच्चक्खाण घेतात. पोरसी म्हणजे पौरुषी, पुरुषाच्या उंचीवरून मोजलेली सावली. घड्याळ नव्हतं तेव्हा व्रत कधी सुटायचं हे सावली ठरवायची. काठीच्या सावलीवरून देवळाच्या शिखराची उंची काढतात ते हेच गणित. काठी आणि तिची सावली यांचं जे नातं, तेच शिखराचं आणि त्याच्या सावलीचं. नातीला हे सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी दुपारी लाटणं घेऊन अंगणात गेली. असो.

भास्कराचार्यांचं नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रातलं गणित पुढे जात नाही. त्यांची लीलावती ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटणे गावात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढल्याचं त्यावर लिहिलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. विष्णूने जसं सगळं विश्व व्यापलंय तसं त्रैराशिकाने सगळं गणित व्यापलंय, असं भास्कराचार्य म्हणतात. एवढा त्यांचा त्रैराशिकावर जीव.

पण लीलावतीतलं व्यस्त त्रैराशिकाचं एक उदाहरण वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. सोळा वर्षांची स्त्री ३२ निष्कांना मिळते, तर वीस वर्षांची कितीला? उत्तर, २५ पूर्णांक ३ पंचमांश निष्क. दासीच्या विक्रीचा हिशोब आहे तो. शेजारीच बैलाचं उदाहरण आहे. हा एकट्या भास्कराचार्यांचा दोष नव्हे. त्या काळच्या गणिताच्या ग्रंथांत सजीवांच्या खरेदी-विक्रीचे हिशोब नेहमीचे होते. माणसं विकली जात होती, म्हणून गणितात आली. तरी ज्या लीलावतीचं नाव आपण कौतुकाने घेतो तिच्यात एक मुलगी निष्कांत मोजलेली आहे, हे आपण बायकांनी माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

राग ओसरल्यावर मी ते उदाहरण पुन्हा काढलं, यावेळी कॉमर्सच्या डोक्याने. वय वाढेल तशी किंमत त्याच हिशोबात उतरते, असं त्यात गृहीत आहे. मग मी माझ्या वयाला लावून पाहिलं. चौसष्टाव्या वर्षी ८ निष्क. ठीक आहे, एवढी तरी आहे! आता उलट जा. आठ वर्षांच्या पोरीची किंमत ६४ निष्क, आणि एक वर्षाच्या तान्ह्या बाळाची ५१२. कोणता व्यापारी असा भाव देईल? नियमाचा गुणाकार-भागाकार अचूक आहे, पण ती गोष्टच मुळी त्या नियमाने चालणारी नाही. सोळा आणि वीस एवढ्या जवळच्या आकड्यांत ते झाकून गेलं. नातीच्या नऊ दिवसांसारखंच हे झालं.

आता माझी चूक.

चाळीसेक वर्षं झाली. सातारा जिल्ह्यात एका गावी दशलक्षण पर्वात शिबिर होतं. आदल्या वर्षी दीडशे माणसं होती. संध्याकाळच्या पुऱ्यांना आठ बायका बसल्या होत्या आणि तीन तासांत काम झालं होतं. त्या वर्षी तीनशे माणसं येणार होती. मी नवी सून, शिकलेली, म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे आली. मी पंचराशिक मांडलं. माणसं दुप्पट म्हणून वेळ दुप्पट, बायका दुप्पट केल्या तर वेळ निम्मा. म्हणजे सोळा बायका बसवल्या की पुन्हा तीनच तास. तीन वाजता बसायचं, सहाला उठायचं, सूर्यास्त साडेसहाच्या पुढे. सगळं चोख. मी ते ऐटीत सर्वांना समजावूनही सांगितलं.

सोळा बायका बसल्या. पुऱ्या भराभरा लाटून झाल्या. आणि लाटलेल्या पुऱ्यांच्या चळती ताटांत वाळू लागल्या, कारण चुली दोनच होत्या आणि कढया दोनच. आदल्या वर्षी आठ जणींना तीन तास का लागले होते? लाटायला नव्हे, तळायला. कढईत एका वेळी मावतात तेवढ्याच पुऱ्या मावतात. तिला काय ठाऊक भोवती आठ जणी बसल्यात की सोळा. सहा वाजता निम्म्याच पुऱ्या झाल्या होत्या. आधी लहान मुलं, मग म्हातारी माणसं, मग पाहुणे बसवले. दिवस मावळला. रात्रिभोजनाचा त्याग असलेले सगळे तसेच उठले, आणि आम्ही सोळाही जणी. उरलेल्या पिठाच्या गोळ्यांकडे बघत मी रडायच्या बेतात होते.

आमच्या चुलत सासूबाई अक्षरशत्रू होत्या. दुसरं कुणी असतं तर चार शब्द जास्त बोललं असतं. त्या चुलीतली राख सारखी करता करता एवढंच म्हणाल्या, “पोळपाट-लाटणी मोजलीस, कढया कुणी मोजायच्या?”

पुढच्या वर्षी त्यांनी दहा बायका आणि चार कढया लावल्या. साडेपाचला सगळे ताटावर. त्यांनी काही मांडलं नव्हतं. मात्र कशाने काय वाढतं आणि कशाने नाही, हे त्यांना पाहूनच ठाऊक होतं. आपल्या सगळ्यांना ते स्वयंपाकघरात ठाऊक असतंच. चारजणांच्या भाताला जेवढा वेळ तेवढाच जवळपास सहाजणांच्या भाताला. तांदूळ दीडपट, पाणी दीडपट, वेळ मात्र दीडपट नाही. दुप्पट भाजीला फोडणीचं तेल दुप्पट लागत नाही. तळणीचं तेल कढईच्या मापाने लागतं, पुऱ्यांच्या नव्हे. आणि सहाच्या अंदाजाने मिठाची मूठ साठजणांच्या आमटीत दहादा घालून बघा! हे आपण कुणाला शिकवत नाही, कारण ते शिकलेलं आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

मला आईची मापं आठवतात. शेराच्या निम्मं मापटं, मापट्याच्या निम्मं चिपटं, चिपट्याच्या निम्मं कोळवं, कोळव्याच्या निम्मं निळवं. फडताळात ओळीने मांडलेली असत. प्रत्येक पुढचं मागच्याच्या बरोबर निम्मं. आम्ही त्यांच्याशी घर-घर खेळायचो, म्हणजे रोज प्रमाणच हाताळायचो. वजनाच्या मणात चाळीस शेर आणि रुपयात सोळा आणे, म्हणून शेराला एक आणा भाव असला की मण अडीच रुपयांना, हे दुकानात पोराटोराला पाठ. पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले. हिशोब सोपे झाले यात वादच नाही. सोळा नि चाळीसच्या कचाट्यातून सुटका झाली. मला जुन्याचा उमाळा नाही. फक्त त्या निम्म्या-निम्म्या मापांनी हाताला जे कळायचं ते आता दशांश चिन्ह सरकवून कळत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांची परीक्षा घेतली. तो लेख १९८५ मध्ये आला. गिऱ्हाईक होऊन विचारलेले हिशोब मुलांनी शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर केले. तेच आकडे कागदावर नुसते गुणाकार-भागाकार म्हणून दिले तर शंभरात सदतीस. मुलं तीच, आकडे तेच. नारळ समोर असला की प्रमाण कळत होतं. कागदावर नारळ नव्हता.

म्हणून गणितात मागे पडणाऱ्या पोराला एकदम ‘ढ’ म्हणू नये. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, १८८७ साली कुंभोजला जन्मलेले. कोल्हापूरला शिकत असताना ते गणितात अडले. शाहू महाराजांकडून शब्द टाकून पाहिला, तर गणिताचे शिक्षक म्हणाले, हवं तर तो बसतो ते बाक वरच्या वर्गात नेऊन ठेवतो, पण त्याला नाही, अशी गोष्ट आजही सांगतात. तोच मुलगा पुढे साताऱ्यात शिकवण्या घेऊन ‘पाटील मास्तर’ झाला, १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. तिथे रोज किती मुलांना किती भाकरी, हे त्रैराशिक त्या माउलीने कसं सोडवलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

तर नातीकडे वळते. तिला मी तिरकस गुणाकार विसर म्हटलं नाही. परीक्षेत तो लागणारच. फक्त पेन उचलायच्या आधी एक वाक्य तोंडाने बोलायचं असं ठरवलं. ‘हे वाढलं तर ते वाढेल, का कमी होईल, का तसंच राहील?’ हा तिसरा प्रश्न पुस्तकात नाही, तो आमच्या चुलत सासूबाईंचा. महावीराचार्यांनी साधं आणि व्यस्त असे दोन नियम वेगळे दिले आहेत. कोणता लावायचा हे मात्र सोडवणाऱ्याने आधी ठरवायचं असतं, तिथे गुणाकार कामाला येत नाही. पहिले दोन दिवस तिला ते वाक्य म्हणायचा कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी मजुरांच्या उदाहरणाला स्वतःच “कमी होतील” म्हणाली आणि ४ लिहिलं.

मग बक्षीस म्हणून तिला गणितसारसंग्रहातला साप दिला. त्रैराशिकाच्या प्रकरणातल्या उदाहरणावर बेतलेलं आहे, थोडक्यात सांगते. ८० हात लांबीचा एक काळा साप बिळात शिरतोय. दिवसाच्या ५/१४ भागात तो साडेसात अंगुळं आत जातो. पण दिवसाच्या पाव भागात त्याची शेपटी ११/४ अंगुळं वाढते! तर तो पूर्ण आत कधी जाईल? एक हात म्हणजे २४ अंगुळं.

तुम्हीही करून बघा. आत जायचा वेग दिवसाला २१ अंगुळं निघतो, शेपटी वाढायचा वेग दिवसाला ११. म्हणजे रोजची खरी कमाई १० अंगुळांची. साप १९२० अंगुळांचा. उत्तर १९२ दिवस. सहा महिन्यांहून जास्त! इतका सुबक साप फक्त गणिताच्या पुस्तकातच सापडायचा.

नातीने वही उघडली, पेन उचललं, आणि खाली ठेवलं.

“आज्जी,” ती म्हणाली, “शेपटी वाढत असताना साप आत जायचा थांबतो का गं? का दोन्ही एकदमच चालू असतं?”